घरच्या कुंडीला बाजाराचे माप लावू नका

घरच्या बागेत गावरान टोमॅटो बियांपासून वाढवू पाहणाऱ्या माणसाला सध्या एक सल्ला हमखास मिळतो. रोपवाटिकेत मिळतो, कृषी प्रदर्शनात मिळतो, गच्चीवरच्या बागेचे वर्ग घेणाऱ्यांकडून मिळतो. सल्ला असा: जुन्या सरळ वाणांच्या, म्हणजे ज्यांच्या धरलेल्या बियांतून पुन्हा तसेच झाड येते अशा वाणांच्या, नादी लागू नका. त्यांचे उत्पादन कमी, रोग जास्त, फळे वेडीवाकडी आणि दोन दिवसांत नरम पडणारी. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून संकरित वाण तयार केले, ते काही उगाच नाही. चांगले संकरित बी किंवा तयार रोप विकत आणा, हंगाम संपला की पुढच्या वेळी पुन्हा नवे आणा. घरी बी धरणे हा भाबडेपणा आहे. आणि टोमॅटो तर मुळात परदेशातला. त्याच्या बियाण्याला वारसा कसला?

असे सांगणारे जाणकार असतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक विधानात काही ना काही खरे आहे, म्हणूनच त्याचा मुद्देसूद प्रतिवाद व्हायला हवा. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: हा सल्ला ज्या शेतासाठी तयार झाला तिथे तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. तोच उचलून घरच्या पाच-दहा झाडांवर लादला की तो चुकतो. शेताचे आणि घराचे टोमॅटो वेगळ्या कामासाठी पिकतात. काम वेगळे असेल, तर वाण निवडण्याची कसोटीही वेगळी असली पाहिजे.

पहिला मुद्दा उत्पादनाचा. संकरित वाण जास्त पिकतात, हे निर्विवाद आहे. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण हेक्टरी ७५ ते ८० टन उत्पादनासाठी शिफारस केला जातो. दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा रुबी' ही जुनी सरळ जात त्याच्या निम्म्यावरही पोचत नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याने रोपे, बांबू, तार, मल्चिंग, ठिबक, फवारणी आणि तोडणीची मजुरी एवढा खर्च केलेला असतो. हेक्टरी उत्पादन निम्मे झाले तर तो कर्जात जातो. त्याने संकरित वाण लावला म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही.

पण घरच्या बागेत हेक्टर कुठे असतो? चांगली माती, शेणखत आणि सहा तासांचे ऊन मिळालेली सरळ वाणाची सहा-सात झाडे चार माणसांच्या घराला ऐन हंगामात पुरून उरतात. बरेच संकरित वाण कमी दिवसांत एकदम बहरतात, कारण व्यापारी शेतीत तोडे जितके थोडके तितकी मजुरी वाचते. स्वयंपाकघराची गरज उलटी आहे. तिथे रोज चार-पाच फळे, पण दोन-तीन महिने सलग मिळावीत, अशी अपेक्षा असते. वेलीसारखी वाढत राहणारी जुनी जात हेच काम करते. जे जास्तीचे उत्पादन कुणाला खायचे नाही आणि विकायचेही नाही, त्यासाठी घरच्या माणसाने चव आणि बियाणे दोन्ही गमावावे, हा कुठला हिशोब?

दुसरा मुद्दा चवीचा. इथे सल्ला देणारे म्हणतात, 'पूर्वीच्या टोमॅटोला चव होती' ही नुसती आठवणींची गोडी आहे, जिभेचा भास आहे. हे म्हणणे आता विज्ञानासमोर टिकत नाही. 'सायन्स' या नियतकालिकात २०१२ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. जुन्या जातींचे कच्चे फळ देठाजवळ गडद हिरवे असते, पिकल्यावरही तिथे कधी पिवळसर पट्टा राहतो. व्यापाराला सगळीकडून एकसारखे लाल होणारे फळ हवे होते, म्हणून पैदासकारांनी कच्चेपणी एकसारखी फिकी हिरवी असणारी फळे निवडली. ती निवड करताना फळातले हरितलवक वाढवणारे एक जनुक निकामी झालेले रूपच पुढे जात राहिले. हे हरितलवक फळाच्या अंगातच साखर तयार करायला मदत करतात. म्हणजे एकसारख्या रंगाबरोबर गोडवा घटत गेला, आणि ते कुणाला कळलेही नाही.

पुढे २०१७ साली त्याच नियतकालिकात फ्लोरिडा विद्यापीठाच्या हॅरी क्ली यांच्या गटाचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ३९८ जुन्या, नव्या आणि रानटी टोमॅटोंचे जनुकसंच त्यांनी वाचले. चवीशी संबंधित अशा १३ सुगंधी घटकांचे प्रमाण आधुनिक व्यापारी वाणांमध्ये लक्षणीय घटलेले आढळले. टोमॅटोची चव साखर, आम्ल आणि हे उडून जाणारे सुगंधी घटक मिळून बनते. पैदासकार चवीच्या वाईटावर नव्हते. त्यांनी फळाचा आकार, टणकपणा, उत्पादन, टिकाऊपणा यांसाठी निवड केली. चव मोजायला कठीण आणि तिचे पैसे वेगळे मिळत नाहीत, म्हणून ती मागे राहिली. जुन्नरचा टोमॅटो दूरच्या बाजारात न फुटता पोचायचा असेल, तर त्याला जाड साल आणि घट्ट गर लागतो, आणि तो पुरता पिकण्याआधी तोडावा लागतो. घरचा टोमॅटो झाडापासून पाटावरवंट्यापर्यंत जातो. एवढ्या प्रवासाला जाड साल कशाला हवी? सार करायचे, कोशिंबीर करायची, तर साल पातळ, गर रसाळ आणि आंबटगोडपणा भरपूर हवा. झाडावरच पिकवून तोडलेला सरळ वाणाचा टोमॅटो हे देतो. 'दोन दिवसांत नरम पडतो' हा दोष व्यापाऱ्याच्या दृष्टीने आहे. सकाळी तोडून दुपारी खाणाऱ्याला तो जाणवतही नाही.

तिसरा मुद्दा रोगांचा, आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. अर्का रक्षक तीन रोगांना तोंड देतो: पाने आकसवणारा लीफ कर्ल विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. असे गुण एका वाणात आणणे हे मोठे काम आहे आणि त्याचा मला आदर आहे. पण 'संकरित म्हणजे निरोगी' असे समीकरण त्यातून निघत नाही. प्रतिकारशक्ती ठरावीक रोगांपुरती असते. २०२० च्या उन्हाळ्यात पश्चिम महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी ज्याला 'तिरंगा व्हायरस' म्हटले, त्याने संकरित टोमॅटोचे प्लॉटच्या प्लॉट बसवले. २०१४ साली महाराष्ट्रात प्रथम नोंदली गेलेली टुटा ही पाने आणि फळे पोखरणारी अळी वाण पाहून थांबत नाही. एकाच जातीची लाखो झाडे मैलोन्‌मैल शेजारी उभी असली की रोगाला रान मोकळे मिळते. घरच्या बागेत टोमॅटोच्या शेजारी मेथी, झेंडू, वांगी, कढीपत्ता असतो. रोगाला तिथे तसा पट्टा मिळत नाही.

शिवाय घरच्या माणसाकडे असे एक साधन आहे जे दहा एकरवाल्याकडे नसते: तो रोज प्रत्येक झाड बघू शकतो. लीफ कर्ल पांढऱ्या माशीमुळे पसरतो. म्हणून रोपे पहिला महिना बारीक नायलॉन जाळीखाली वाढवायची. पान आकसलेले झाड दिसले की हळहळ न करता उपटून टाकायचे. पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी द्यायचे, जमिनीला टेकणारी खालची पाने काढायची, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालायचे, म्हणजे करप्याचे बीजाणू शिंतोड्यांबरोबर वर चढत नाहीत. फळाच्या टोकाला काळा खड्डा पडतो तो बहुतेक वेळा रोगच नसतो. पाणी कधी कमी कधी जास्त झाल्याने फळाला चुना पोचत नाही, एवढेच असते. पाणी नियमित केले की पुढची फळे सुधारतात. शेतात हे एकेका झाडाला करणे परवडत नाही, म्हणून तिथे प्रतिकारक वाण लागतो. घरी परवडते.

आणखी एक गोष्ट सल्लागारांनी विसरू नये. संकरित वाणांमध्ये आज जी प्रतिकारशक्ती आहे, ती आली कुठून? मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्धचा गुण पेरूकडच्या 'सोलॅनम पेरुव्हिॲनम' या रानटी टोमॅटोपासून आला, लीफ कर्लच्या विषाणूगटाविरुद्धचा एक महत्त्वाचा गुण 'सोलॅनम चिलेन्स'पासून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चार्ल्स रिक यांनी अँडीज पर्वताच्या परिसरात हिंडून रानटी टोमॅटोंची बियाणी गोळा केली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांचा तत्काळ उपयोग दिसत नव्हता. उपयोग नंतर कळला. विविधता आधी राखलेली असेल, तरच उद्याचा संकर शक्य होतो. तेव्हा बियाणे राखण्याला भाबडेपणा म्हणणे हे ज्या फांदीवर आधुनिक पैदासशास्त्र बसले आहे तिच्यावरच घाव घालण्यासारखे आहे.

चौथा मुद्दा: टोमॅटो परदेशी, म्हणून वारसा नाही. टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेत, लागवड पहिल्यांदा फुलली मेक्सिकोत, हे खरेच. पण मिरचीही तिकडचीच. म्हणून भिवापुरी मिरचीचे भौगोलिक मानांकन कुणी रद्द करा म्हणत नाही. बटाटा, शेंगदाणा, मका, पेरू, सीताफळ तिकडून आले. त्यांच्याशिवाय आपले उपवासाचे ताटसुद्धा पुरे होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी आपल्या मातीत, आपल्या पावसात, आपल्या जिभेसाठी निवडत नेले की बाहेरून आलेले पीक तिथले होते. विदर्भात भेदरं म्हणून जो आंबट, चपटा, घड्या पडलेला टोमॅटो परसात पिकत आला, त्याला कोणत्या अर्थाने परका म्हणायचे?

अमेरिकेत तरी काय झाले? सीड सेव्हर्स एक्स्चेंज ही बियाणे राखणाऱ्यांची मोठी संस्था १९७५ साली सुरू झाली, ती डायॲन ऑट व्हीली यांच्या आजोबांनी दिलेल्या दोन वाणांतून. त्यातला एक 'जर्मन पिंक' टोमॅटो होता, पूर्वजांनी बव्हेरियातून बरोबर आणलेला. म्हणजे दोन महासागरी प्रवास करून परत अमेरिकेत आलेले फळ तिथे वारसा मानले जाते, तर नियम आपल्यापुरता वेगळा का?

जुने वाण म्हणजे 'न सुधारलेले' वाण, हाही गैरसमज आहे. 'मॉर्टगेज लिफ्टर' नावाचा प्रसिद्ध टोमॅटो वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावच्या एम. सी. बाइल्स यांनी तयार केला. त्यांचे रेडिएटर दुरुस्तीचे दुकान होते, पैदासशास्त्राचे शिक्षण नव्हते. मोठ्या फळांच्या जाती एकमेकांशी संकरित करून त्यांनी काही वर्षे उत्तम झाडांचेच बी धरले, मग रोपे प्रत्येकी एका डॉलरला विकून १९४० च्या दशकात घरावरचे सहा हजार डॉलरचे कर्ज फेडले. बाइल्स यांनीही संकर केलाच. फरक असा की त्यांनी तो पुढच्या पिढ्यांत स्थिर केला आणि तो वाण आजही कुणीही बी धरून लावू शकतो.

पाचवा मुद्दा: घरी बी धरणे जमत नाही, ते शास्त्रज्ञांचे काम आहे. भाज्यांमध्ये टोमॅटोइतके सोपे बीजोत्पादन फार थोड्या पिकांचे आहे. टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांची पिवळी नळी असते आणि स्त्रीकेसर बहुधा तिच्या आतच झाकलेला असतो. त्यामुळे फूल स्वतःच्याच परागाने फळते. परपरागीभवन क्वचित घडते. भोपळा किंवा मका यांचा वाण शुद्ध राखायला जी उठाठेव लागते, ती इथे लागत नाही. दोन जाती शेजारी असतील आणि खात्री हवी असेल, तर फुलोरा उमलण्याआधी त्यावर मलमलीची छोटी पिशवी बांधा, रोज हलकेच टिचकी मारा, फळ धरले की पिशवी काढून त्या घोसाला रंगीत दोरा बांधा.

बी कुणाचे धरायचे, हे फळापेक्षा झाडावर ठरवायचे. एका मोठ्या फळाला भुलू नका. जे झाड निरोगी राहिले, बराच काळ फळत राहिले आणि ज्याचे फळ घरातल्या सगळ्यांना आवडले, ते निवडा. शक्यतो चार-पाच झाडांवरून निवडा. विषाणूची शंका असलेल्या झाडाचे बी कधीच धरू नका. फळ झाडावर पुरते पिकू द्या. मग चिरून बियांसह गर काचेच्या भांड्यात काढा, थोडे पाणी घाला आणि दोन-तीन दिवस सावलीत आंबू द्या. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण उगवण रोखते. आंबवल्याने ते सुटते आणि काही रोगजंतूही कमी होतात. वर आलेले पोकळ बी आणि साय टाकून द्या, तळाचे भरलेले बी चाळणीत धुवा, चिनी मातीच्या ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवलेले बी चिकटून बसते. कोरड्या हवाबंद बाटलीत, नाव आणि साल लिहून ठेवलेले बी चार-पाच वर्षे सहज उगवते. एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया बसतात. दोन-तीन फळांचे बी तुमच्या बागेला पुरून शेजारपाजाऱ्यांनाही देता येते. यातली एकही पायरी लोणचे घालण्यापेक्षा अवघड नाही.

बियाणे जनुकपेढीत सुरक्षित आहे, मग घरी कशाला, असेही विचारले जाते. दिल्लीची राष्ट्रीय जनुकपेढी अत्यंत मोलाचे काम करते. पण शून्याखालच्या तापमानात ठेवलेले बी जसेच्या तसे राहते. बदलता पाऊस, वाढती उष्णता, नवी कीड यांच्याशी त्याची गाठ पडत नाही. ती पडते परसात आणि शेतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली, ती असे जिवंत बियाणे हाताशी राखल्याबद्दल. कायद्यानेही बी राखण्याचा हक्क मान्य केला आहे: वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकरी आपल्या शेतातले बी जपू, पेरू, देवाणघेवाण करू आणि ब्रँडचे नाव न लावता विकू शकतो. देशाच्या कायद्याने जे जपण्याजोगे मानले, त्याला जाणकारांनी खूळ म्हणू नये.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांनाही स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण चुकीच्या दाव्यांनी चांगली बाजू कमकुवत होते. संकरित टोमॅटो विषारी नसतो. तो जनुकीय बदल केलेलाही नसतो. भारतात व्यापारी लागवडीला परवानगी मिळून शेतात गेलेले तसे पीक बीटी कापूस आहे, टोमॅटो नाही. संकरित टोमॅटोचे बी उगवतच नाही, हेही खोटे आहे. ते उगवते, पण पुढच्या पिढीत गुण विखुरतात, प्रत्येक झाड वेगळे निघते. म्हणून बाजारातला कोणताही टोमॅटो पिळून काढलेले बी 'गावरान' म्हणून वाटणे थांबवावे. आणि परदेशी नावांची महागडी पाकिटे आणून गच्चीवर लावणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की थंड हवेतल्या मोठ्या फळांच्या जाती आपल्या उन्हाळ्यात फुले गाळतात. दिवस पस्तीस अंशांपुढे आणि रात्री उबदार गेल्या की पराग निकामी होतो. सुरुवात इथल्या हवेत रुळलेल्या वाणांनी करावी: पुसा रुबी, कमी पाण्यातही तग धरणारी अर्का विकास, राहुरीच्या विद्यापीठाची धनश्री, किंवा गावाकडे कुणाच्या परसात खात्रीने टिकलेला गावरान वाण.

संकरित वाणांनी शहरांना वर्षभर टोमॅटो पुरवला, हे श्रेय त्यांचे आहे आणि ते त्यांच्याकडेच राहो. पण घरची बाग ही बाजाराची छोटी शाखा नाही. तिथे वजनकाटा, ट्रक आणि अडत्या नसतो, म्हणून त्यांच्यासाठी ठरलेले नियमही तिथे लागू होत नाहीत. चव आणि बियाण्यावरचा स्वतःचा ताबा या दोन गोष्टी बाजार तुम्हाला देऊ शकत नाही. घरची बागच देऊ शकते.

तेव्हा यंदा पाऊस ओसरला की सप्टेंबरात एका सरळ वाणाचे बी पेरा. पंचवीस-तीस दिवसांनी रोपे लावा, काठीला सुतळीने बांधा, फळ झाडावर पिकू द्या. सर्वांत चांगल्या झाडांचे काही घोस खायचे थांबवून बियाण्यासाठी राखा. त्यातले निम्मे बी स्वतःकडे ठेवा आणि निम्मे नाव-साल लिहून किमान दोन घरांना द्या. एका घरातले बी पावसात भिजते, उंदीर खातो, विसरले जाते. तीन घरांतले बी टिकते.